विसर्ग

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी धरणावरून फोन येतो.
ड्यूटीवरचा माणूस आकडा सांगतो, मी लिहून घेते.
तो पुन्हा सांगतो, मी पुन्हा लिहिते.
इथे त्याला रिलीज म्हणतात,
कैद्याला सोडतात तसं, किंवा नव्या सिनेमाला.
माझ्या डोक्यात मात्र अजून विसर्गच.

दोन टिंबं, एकावर एक.
पाचवीत मी ती हमखास विसरायचे
आणि बाई लाल शाईने
माझ्या दुखाच्या मधोमध भरून द्यायच्या.

नेब्रास्कातलं हे गाव, हॅस्किन्स बेंड.
वस्ती एकोणीसशे, धान्याचे दोन सायलो,
आणि लिटल सॉरेल नदी, जिला गेली साठ वर्षं
वेळापत्रक आहे.
त्याआधी ती मार्चमध्ये बर्फ फोडत यायची,
शेतांवर बोटभर गाळ ठेवून जायची,
त्या ओल्या गाळात कॉटनवुडची रोपं धरायची.
आता काठावरची झाडं सगळी एका वयाची, म्हातारी.
भरलेल्या शाळेत नुसते मास्तर.

गाळ वर अडकलाय, भिंतीमागे.
खाली येतं ते निव्वळ पाणी,
उपाशी.
ते आपलंच पात्र खात सुटतं.
जुन्या पुलाचे खांब गुडघ्यापर्यंत उघडे पडलेत,
साडी वर धरून उभ्या असलेल्या बायकांसारखे.

विल्मर हॅव्हलिक, वय एक्क्याण्णव, मला एकदा म्हणाला,
"बारके पूर यायचे तेव्हा नदी माहितीतली होती.
दर वसंतात आम्ही तळघरातले बटाटे वर आणायचो.
धरण झालं, बटाटे खालीच राहिले."

बटाट्यांशेजारी मग सोफा आला, टीव्ही आला.
नकाशावरची पूररेषा थोडी सरकली,
कुणी सरकवली ते कुणालाच आठवत नाही,
आणि जिथे बेडूक होते तिथे
रिव्हरबेंड इस्टेट्सचे बत्तीस बंगले,
प्रत्येकी अडीच बाथरूम.

धरणाने फसवलं असं नाही.
त्याने पन्नासेक पूर झेलले, आम्हाला न उठवता.
आम्ही समजलो, पूर संपले.

आज वर जागा नाही.
तीन दिवस पाऊस, पावसाखाली बर्फ,
बर्फाखाली दगडासारखी जमीन, थेंबही न पिणारी.
भिंत वाचवायची तर दरवाजे उचलायला हवेत,
नाहीतर भिंतीसकट सगळंच येईल.
गणित मला कळतं. बरोबर आहे.
बरोबर गणित अपरात्री फोनवरून सांगणं
यासाठी काउंटी मला पगार देते.

यादीत दोनशे चौदा नंबर.
एकजण विचारतो, विमा कंपनीला तू सांगणार का.
एकजण शिव्या देतो, मग माफी मागतो, मग पुन्हा देतो.
ट्रेलर पार्कमधली एल्विरा ओचोआ पहिल्याच रिंगला उचलते,
मांसाच्या कारखान्यातून नुकतीच आलेली, हात अजून गार.
"किती वेळ आहे?"
चार तास.
"मग मुलांना अर्धा तास झोपू देते."

मी तिला नाही म्हणायला हवं होतं.
नियमात तसं लिहिलंय.

विसर्ग म्हणताना, बाई सांगायच्या,
शेवटी थोडा श्वास बाहेर पडतो,
तो गिळू नका.
दोन चाळीसला वर दोन दरवाजे उचलतील.
इथे खिडकीबाहेर अजून काहीच नाही,
पेट्रोल पंपाचा दिवा, कुणाचं तरी कुत्रं,
आणि कोरडा रस्ता, इतका कोरडा
की माझ्यावर कुणी विश्वास का ठेवावा.

विल्मर उचलत नाही.
पुन्हा लावते. पुन्हा.
चौथ्यांदा धाप लागलेला आवाज येतो,
"थांब जरा, मुली, जिन्यात आहे.
बटाटे वर आणतोय."

एकशे एकतीसावा नंबर.
रिंग वाजतेय.